मराठी कादंबरीचे पहिले पाऊल : बाबा पदमनजी

(बाबा पदमनजी यांनी १८५७ मध्ये 'यमुनापर्यटन' ही कादंबरी लिहिली. मराठीतील पहिली कादंबरी म्हणून तिचा उल्लेख केला जातो. विधवांच्या दुःखाची हकीकत त्यांनी गोष्टीच्या रूपाने कशी सांगितली आणि त्यामागे त्यांचे स्वतःचे आयुष्य कसे होते, हे या पाठात सांगितले आहे.)

कादंबरी वाचायला कोणाला आवडत नाही? एकदा हातात घेतली, की ती खाली ठेववत नाही. पुढे काय होणार, नायक संकटातून सुटणार की नाही, हरवलेली माणसे भेटणार की नाही, या विचाराने आपण पान उलटत जातो. कोणाला रहस्यकथा आवडते, कोणाला प्रेमकथा, तर कोणाला राजे-रजवाड्यांच्या काळातील ऐतिहासिक कादंबरी. काही कादंबऱ्यांना धर्माचा आणि श्रद्धेचा आधार असतो. संकटात सापडलेला माणूस आपल्या श्रद्धेच्या बळावर कसा टिकून राहिला, हे त्यांत सांगितलेले असते.

उर्दूत अशा पुस्तकाला नॉव्हेल म्हणतात. मराठीत त्याला कादंबरी हे नाव पडले. सातव्या शतकात बाणभट्ट नावाच्या कवीने संस्कृतमध्ये 'कादंबरी' नावाची एक मोठी प्रेमकथा लिहिली होती. तिच्या नायिकेचे नाव कादंबरी होते. त्या एका पुस्तकाचे नाव मराठीत पुढे अशा सर्वच पुस्तकांना मिळाले.

आज कोणत्याही वाचनालयात गेलो, तर कादंबऱ्यांनी भरलेली कपाटे दिसतात. पण १८५० साली मराठीत एकही स्वतंत्र कादंबरी नव्हती. लोक गोष्टी ऐकत नव्हते, असे मात्र नाही. देवळात कीर्तने होत. घरोघरी पोथ्या वाचल्या जात. शाहीर पोवाडे गात. उर्दू जाणणाऱ्यांच्या मैफलीत अमीर हमजाची दास्तान आणि हातिमताईचा किस्सा रंगत असे. परंतु या गोष्टींतील माणसे देव, राजे, पऱ्या किंवा मोठे योद्धे असत. आपल्या शेजारच्या घरात राहणारी, आपल्यासारखेच बोलणारी आणि आपल्यासारखेच रडणारी साधी माणसे गोष्टीत येत नसत. ही माणसे मराठी पुस्तकात आणण्याचे काम ज्यांनी प्रथम केले, त्यांत बाबा पदमनजी यांचे नाव घ्यावे लागते.

बाबांचा जन्म १८३१ मध्ये बेळगाव येथे झाला. बेळगाव आज कर्नाटक राज्यात आहे. त्या काळी ते मुंबई इलाख्यात होते. बाबांचे घराणे कासार जातीचे होते. घरातील वातावरण धार्मिक होते. व्रते, उपास, पूजा, पोथ्यांचे वाचन हे सारे त्यांनी लहानपणापासून पाहिले. ते स्वतःही मोठ्या भक्तिभावाने हे सर्व करीत.

त्यांच्या जन्माच्याच वर्षी मराठी भाषेच्या दृष्टीने एक महत्त्वाची घटना घडली. मोल्सवर्थ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने तयार केलेला मराठी-इंग्रजी शब्दकोश १८३१ मध्ये प्रसिद्ध झाला. अनेक पंडितांच्या मदतीने त्याने मराठीतील हजारो शब्द त्यात गोळा केले होते. त्याच वर्षी जन्मलेले हे मूल पुढे मोठे होऊन त्या कोशाची छोटी आवृत्ती तयार करील, असे कोणाला वाटले असेल?

बाबांचे सुरुवातीचे शिक्षण बेळगावच्या मिशनरी शाळेत झाले. तेथे त्यांची इंग्रजीशी आणि बायबलशी ओळख झाली. पुढे ते मुंबईला आले. आधी ते एल्फिन्स्टन संस्थेत आणि नंतर स्कॉटिश मिशनऱ्यांच्या फ्री चर्च संस्थेत शिकले.

त्या वेळची मुंबई म्हणजे नव्या विचारांचे शहर होते. शाळा निघत होत्या. छापखाने चालू झाले होते. वर्तमानपत्रांतून वाद होत होते. जातिभेद योग्य आहे का, मुलींना शिकवावे की नाही, विधवेने पुन्हा लग्न का करू नये, असे प्रश्न तरुण मुले एकमेकांना विचारू लागली होती. दादोबा पांडुरंग हे मराठीचे प्रसिद्ध व्याकरणकार होते. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८४९ च्या सुमारास परमहंस सभा स्थापन केली. ही सभा गुप्त होती. जातिभेद मोडणे हा तिचा एक मुख्य हेतू होता. म्हणून सभेत येणाऱ्याला दुसऱ्या जातिधर्माच्या माणसाने केलेला पाव खावा लागे. आज आपल्याला यात विशेष काही वाटणार नाही. पण त्या काळी हे उघडकीस आले, तर माणसाला जातीबाहेर टाकले जाई. त्याच्या घरी कोणी जेवायला येत नसे आणि त्याच्या मुलांची लग्ने होणे कठीण होई.

बाबाही या सभेत जाऊ लागले. त्यांचे मन दोन बाजूंना ओढले जात होते. एका बाजूला घर, आई-वडील आणि लहानपणापासूनची श्रद्धा होती. दुसऱ्या बाजूला नवे वाचन आणि नवे प्रश्न होते. काही वर्षे त्यांचा हा विचार चालू होता. अखेर १८५४ मध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. तेव्हा ते तेवीस वर्षांचे होते. परमहंस सभेचे सभासद आपले विचार झाकून ठेवत. बाबांनी मात्र उघड मार्ग धरला. धर्म बदलणे म्हणजे त्या काळात सगेसोयरे, जात आणि पंगत या सर्वांपासून दूर होणे होते. ही किंमत त्यांना ठाऊक होती.

या सर्व काळात एक प्रश्न बाबांच्या मनात सतत होता. तो म्हणजे स्त्रियांच्या स्थितीचा. विद्यार्थी असतानाच, १८५२ मध्ये, त्यांनी स्त्रियांच्या शिक्षणावर एक निबंध लिहिला होता.

त्या काळातील विधवांची स्थिती कशी होती, हे समजून घेतल्याशिवाय बाबांच्या कादंबरीचे महत्त्व कळणार नाही. तेव्हा मुलींची लग्ने आठव्या-नवव्या वर्षी होत. पटकी, देवी, ताप अशा साथींत माणसे पटापट मरत. त्यामुळे कित्येक मुली संसार म्हणजे काय हे कळण्याआधीच विधवा होत. ब्राह्मण आणि इतर काही जातींत विधवेचे केस काढून टाकीत. तिला दागिने घालता येत नसत. रंगीत वस्त्र नेसता येत नसे. दिवसातून एकदाच जेवायचे आणि दिवसभर घरातील कामे करायची, असे तिचे जीवन असे. लग्न, बारसे अशा मंगल प्रसंगी तिने समोर येऊ नये, असे मानले जाई. पुरुषाची बायको वारली, तर तो लगेच दुसरे लग्न करू शकत असे. दहा वर्षांच्या विधवा मुलीला मात्र जन्मभर तसेच राहावे लागे.

बंगालमध्ये ईश्वरचंद्र विद्यासागर यांनी या अन्यायाविरुद्ध मोठी चळवळ केली. त्यामुळे १८५६ मध्ये सरकारने विधवाविवाहाचा कायदा केला. विधवेचे पुन्हा लग्न करणे आता कायदेशीर झाले. पण या कायद्यातही एक अट होती. पुन्हा लग्न करणाऱ्या विधवेचा पहिल्या नवऱ्याच्या मालमत्तेवरील हक्क जात असे. शिवाय कायदा झाला, तरी लोकांची मने कोण बदलणार? सरकारी कागदावर लिहिलेले शब्द घराच्या माजघरापर्यंत पोहोचत नव्हते.

माजघरापर्यंत पोहोचायचे, तर काय करावे? व्याख्यान द्यावे, तर ऐकायला पुरुषच येणार आणि त्यांतही बहुतेक आधीच पटलेले असणार. निबंध लिहावा, तर तो विद्वान वाचणार. पण गोष्ट सर्वांना आवडते. वाचता येणारा एक जण ती घरात मोठ्याने वाचू लागला, तर ज्यांना वाचता येत नाही त्यांनाही ती ऐकू येते. बाबांनी गोष्टीचा मार्ग निवडला. कायदा झाल्यावर पुढच्याच वर्षी, १८५७ मध्ये, त्यांचे 'यमुनापर्यटन' हे पुस्तक प्रसिद्ध झाले. हिंदुस्थानातील विधवांच्या स्थितीचे वर्णन हा आपला विषय आहे, हे त्यांनी पुस्तकाच्या नावातच सांगून टाकले होते.

यमुना ही या कादंबरीची नायिका. ती मिशनच्या शाळेत शिकलेली आहे. तिच्या मनात ख्रिस्ती धर्माविषयी श्रद्धा आहे. पण ती तिने मनातच ठेवली आहे. तिच्या नवऱ्याचे नाव विनायक. तोही शिकलेला आणि समजूतदार आहे. दोघांचे एकमेकांवर प्रेम आहे. नवरा-बायकोने एकमेकांशी मोकळेपणाने बोलावे, एखाद्या प्रश्नावर मिळून विचार करावा, हे त्या काळच्या घरांत क्वचितच दिसे. हे दोघे प्रवासाला निघतात. पर्यटन म्हणजे फिरणे, प्रवास करणे. म्हणूनच पुस्तकाचे नाव यमुनापर्यटन असे आहे.

त्या काळचा प्रवास आजच्यासारखा सोपा नव्हता. नाशिक जिल्ह्यातील वणी हे गाव सप्तशृंग गडामुळे सर्वांच्या ओळखीचे आहे. समजा, १८५७ साली वणीचा एखादा माणूस मुंबईला निघाला असता, तर त्याला काय करावे लागले असते? मुंबई ते ठाणे ही पहिली आगगाडी १८५३ मध्ये सुरू झाली होती. पुढच्या वर्षी ती कल्याणपर्यंत पोहोचली. परंतु कसारा आणि इगतपुरी यांच्यामधील थळ घाटातून रेल्वे सुरू व्हायला १८६५ साल उजाडले. म्हणजे वणीहून निघालेल्या माणसाला बैलगाडीने किंवा पायी नाशिक गाठून, पुढे घाट उतरून जावे लागले असते. वाटेत धर्मशाळांत मुक्काम करावा लागला असता. अशा प्रवासात निरनिराळी माणसे भेटत. रात्री चुलीजवळ बसून ती एकमेकांना आपली सुखदुःखे सांगत. यात्रेच्या गावी तर दुःखी माणसांची गर्दीच असे. घरात ज्यांना कोणी विचारत नाही, अशा विधवा देवाच्या दारी येऊन राहत.

बाबांनी प्रवासाच्या या पद्धतीचा चांगला उपयोग करून घेतला. यमुना आणि विनायक जेथे जातात, तेथे त्यांना कोणी ना कोणी विधवा भेटते किंवा तिची हकीकत कानावर येते. प्रत्येकीचे दुःख वेगळे. वाचक यमुनेच्या सोबत चालतो आणि एकामागून एक या कहाण्या ऐकतो. एका विधवेचे दुःख ऐकून कोणी म्हणेल, की हे तिचे नशीब. पण ठिकठिकाणी तेच दिसले, तर हे नशीब नसून माणसांनीच घातलेली रूढी आहे, हे वाचकाच्या ध्यानात येते.

आतापर्यंत यमुना ही दुसऱ्यांचे दुःख पाहणारी स्त्री होती. यानंतर गोष्टीला अचानक वळण लागते. विनायकाला अपघात होतो आणि त्यातच त्याचा अंत होतो. जी यमुना इतरांचे अश्रू पुसत होती, ती आता स्वतःच विधवा झाली. ज्या हकीकती तिने ऐकल्या होत्या, त्या तिच्याच घरात घडू लागतात. विधवेचे आचार तिच्यावर लादण्याचा प्रयत्न होतो. आता यमुनेचे काय होणार, ती या संकटातून सुटणार की नाही, अशी चिंता वाचकाला लागते. रहस्यकथा वाचताना जशी उत्सुकता वाटते, तशीच ही उत्सुकता आहे. फरक इतकाच, की येथे संकट आणणारा कोणी चोर किंवा खुनी नाही. घरातील माणसे आणि जुनी रूढी हेच तिचे संकट आहे.

अखेर यमुना ते घर सोडते. मनात जपलेली श्रद्धा ती उघडपणे स्वीकारते आणि ख्रिस्ती होते. पुढे ती एका ख्रिस्ती गृहस्थाशी दुसरे लग्न करते. बाबांनी स्वतः जो मार्ग धरला होता, तोच त्यांनी आपल्या नायिकेला दिला. मनातील विश्वास लपवून ठेवण्याचा त्रास आणि तो उघड केल्यावर होणारा त्रास, हे दोन्ही त्यांनी पाहिले होते. म्हणून यमुनेच्या मनाची ओढाताण त्यांना समजली.

ही कादंबरी निर्दोष आहे, असे मात्र म्हणता येणार नाही. गोष्ट चालू असताना मधेच लांब उपदेश येतो. ख्रिस्ती धर्म हाच विधवांच्या दुःखावरील उपाय, असे लेखक सुचवतो. पण धर्म न बदलताही ही रूढी मोडता येते, असे मानणारे लोक महाराष्ट्रात पुष्कळ होते आणि त्यांनी ते करूनही दाखवले. जोतीराव फुले यांनी १८६३ मध्ये पुण्यात विधवांच्या बाळंतपणासाठी आणि त्यांच्या मुलांच्या रक्षणासाठी घर उघडले. विष्णुशास्त्री पंडित यांच्या पुढाकाराने १८६९ मध्ये एका विधवेचा पुनर्विवाह झाला. पुढे धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ मध्ये स्वतः एका विधवेशी लग्न केले आणि १८९६ मध्ये विधवांसाठी आश्रम काढला. ख्रिस्ती झालेल्या पंडिता रमाबाई यांनीही १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन सुरू करून विधवांना शिक्षण दिले. मार्ग वेगवेगळे होते. पण दुःख एकच होते.

'यमुनापर्यटन' ही खरोखर पहिली कादंबरी आहे का, याविषयीही अभ्यासकांत मतभेद आहेत. काहींच्या मते ती धर्मप्रसाराची पुस्तिका आहे. म्हणून १८६१ मध्ये आलेल्या लक्ष्मणशास्त्री हळबे यांच्या 'मुक्तामाला' या पुस्तकाला ते पहिल्या कादंबरीचा मान देतात. 'मुक्तामाला' ही प्रेम, विरह आणि अद्भुत प्रसंग यांनी भरलेली मनोरंजक कथा आहे. त्यानंतर १८७१ मध्ये रामचंद्र भिकाजी गुंजीकर यांनी 'मोचनगड' ही शिवकालावरील ऐतिहासिक कादंबरी लिहिली. अशा रीतीने अवघ्या चौदा वर्षांत मराठी वाचकांना सामाजिक, अद्भुतरम्य आणि ऐतिहासिक अशा तिन्ही प्रकारच्या कादंबऱ्या मिळाल्या. त्यांत आपल्या काळातील खऱ्या प्रश्नाला हात घालणारी पहिली कादंबरी बाबांची होती, हे त्यांचे टीकाकारही मान्य करतात.

गोष्टीतून समाजाला जागे करण्याचा हा प्रयत्न त्या काळी इतर देशांतही चालू होता. इंग्लंडमध्ये जॉन बनियन याने १६७८ मध्ये एका ख्रिस्ती यात्रेकरूच्या प्रवासाची रूपककथा लिहिली होती. हरि केशवजी यांनी १८४१ मध्ये तिचे मराठीत भाषांतर केले होते. अमेरिकेत हॅरिएट बीचर स्टो या बाईंनी १८५२ मध्ये 'अंकल टॉम्स केबिन' ही कादंबरी लिहिली. गुलामांच्या छळाची ती कहाणी वाचून हजारो लोकांच्या डोळ्यांत पाणी आले आणि गुलामगिरीविरुद्ध जनमत तयार झाले. पुढे १८६५ मध्ये अमेरिकेतील गुलामगिरी कायद्याने बंद झाली.

उर्दू भाषेतही असेच घडले. तुम्हांला डेप्युटी नजीर अहमद यांचे नाव माहीत असेल. त्यांची 'मिरातुल उरूस' ही कादंबरी १८६९ मध्ये प्रसिद्ध झाली. उर्दूतील पहिली कादंबरी म्हणून बहुधा तिचेच नाव घेतले जाते. अकबरी आणि असगरी या दोन बहिणींची ती गोष्ट आहे. नजीर अहमद यांनी ती आपल्या मुलींच्या वाचनासाठी लिहिली होती. मुलींनी शिकावे, हा त्यांचा हेतू होता. त्यांच्या 'तौबतुन्नसूह' या कादंबरीत धर्माचरणाचा विषय आहे. बाबा पदमनजी आणि नजीर अहमद यांचे धर्म वेगळे, भाषा वेगळ्या आणि गावेही एकमेकांपासून दूर. तरीही दोघांच्या पहिल्या कादंबरीत एक साम्य आहे. दोघांनीही पऱ्या आणि जादूगार बाजूला ठेवले आणि घरात राहणाऱ्या स्त्रीला गोष्टीची नायिका केले.

बाबांचे काम एवढ्यावर थांबले नाही. १८६३ मध्ये त्यांनी मोल्सवर्थच्या मोठ्या कोशाची संक्षिप्त आवृत्ती तयार केली. मूळ ग्रंथ फार मोठा होता. विद्यार्थ्यांना हाताळता येईल, असा कोश बाबांनी त्यांच्या हाती दिला. १८६७ मध्ये त्यांना पाळक म्हणून नेमण्यात आले. चर्चमधील धर्मगुरूला मराठी ख्रिस्ती समाजात पाळक म्हणतात. पुण्यात त्यांनी काही वर्षे हे काम केले. पण प्रकृती ठीक राहीना, तेव्हा त्यांनी ते पद सोडले आणि सारा वेळ लेखनाला दिला. 'सत्यदीपिका' हे मासिक त्यांनी चालवले. 'ज्ञानोदय' या जुन्या ख्रिस्ती नियतकालिकाच्या मराठी भागाचे संपादनही त्यांनी काही वर्षे केले. लहानमोठी मिळून सुमारे शंभर पुस्तके त्यांच्या नावावर आहेत. 'अरुणोदय' या नावाने त्यांनी आपले आत्मचरित्र लिहिले. मराठीत सुरुवातीला छापल्या गेलेल्या आत्मचरित्रांपैकी ते एक आहे. आपले विचार कसे बदलत गेले, याची हकीकत त्यांनी त्यात सांगितली आहे. १९०६ मध्ये मुंबई येथे त्यांचे निधन झाले.

'ज्ञानोदय'चे संपादन पुढे रेव्हरंड नारायण वामन टिळक यांच्याकडे आले. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई टिळक या नाशिकजवळच्या जलालपूर गावच्या. नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले, तेव्हा लक्ष्मीबाईंच्या संसारावर आभाळ कोसळले. त्या काही वर्षे नवऱ्यापासून दूर राहिल्या. नंतर त्यांनीही तोच धर्म स्वीकारला. त्यांनी 'स्मृतिचित्रे' या पुस्तकात हे सर्व सांगितले आहे. १९३४ ते १९३६ या काळात त्याचे भाग प्रसिद्ध झाले. बाबांनी कल्पनेने जी यमुना उभी केली होती, तिच्यासारखीच घर आणि श्रद्धा यांच्यातील ओढाताण नाशिकच्या एका खऱ्या स्त्रीने अनुभवली आणि स्वतःच्या हाताने लिहून ठेवली. 'यमुनापर्यटन'मध्ये पुरुष लेखक स्त्रीचे दुःख सांगत होता. 'स्मृतिचित्रे'मध्ये स्त्री स्वतः बोलू लागली.

विधवेची कहाणीही मराठी कादंबरीतून नाहीशी झाली नाही. हरि नारायण आपटे यांनी १८९० पासून 'पण लक्षात कोण घेतो' ही कादंबरी आपल्या 'करमणूक' या पत्रातून क्रमशः छापली. एका तरुण विधवेचे हाल तिने स्वतः सांगावेत, अशा पद्धतीने ती लिहिलेली आहे. आपटे यांची कादंबरी कलेच्या दृष्टीने बाबांच्या कादंबरीपेक्षा पुष्कळ सरस आहे. तिच्यात लांब उपदेश नाही आणि धर्मांतराचा मार्गही नाही. पण तिच्या नायिकेचे नाव काय आहे? यमुनाच! घरातील माणसे तिला यमू म्हणतात.

पहिले पाऊल टाकणाऱ्याच्या पायाखाली तयार रस्ता नसतो. बाबा पदमनजी यांच्यासमोर मराठी कादंबरीचा नमुना नव्हता. कादंबरीतील माणसांनी कसे बोलावे, प्रसंग कसे जोडावेत, हे त्यांना कोणी शिकवले नव्हते. त्यांच्या लेखनात उणिवा राहिल्या. परंतु ज्या स्त्रीकडे शुभकार्याला निघालेला माणूस पाहतही नसे, तिच्याकडे त्यांनी वाचकाला शेवटच्या पानापर्यंत पाहायला लावले. दुसऱ्याचे दुःख आपलेसे वाटायला लावणे, हे कादंबरीचे मोठे सामर्थ्य आहे. मराठी कादंबरीने ते आपल्या पहिल्याच पावलात दाखवून दिले.

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) बाबा पदमनजी यांचा जन्म कोठे झाला?
(आ) परमहंस सभा गुप्त का ठेवावी लागली?
(इ) यमुनेच्या नवऱ्याचे नाव काय होते?

२. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) १८५६ चा कायदा होऊनही विधवांची स्थिती लगेच का सुधारली नाही?
(आ) बाबांनी निबंधाऐवजी गोष्टीचा मार्ग का निवडला असावा?
(इ) 'यमुनापर्यटन' या कादंबरीत कोणत्या उणिवा आहेत?

३. 'यमुनापर्यटन' आणि 'मिरातुल उरूस' या दोन कादंबऱ्यांतील साम्य तुमच्या शब्दांत सांगा.

४. तुम्ही वाचलेल्या एखाद्या उर्दू किंवा मराठी कादंबरीची गोष्ट दहा ओळींत लिहा. तिच्यातील कोणाचे दुःख तुम्हांला आपले वाटले, तेही लिहा.